एनईयू१चा रिपोर्ट, पेशींचा चिकटपणा आणि भाच्याला मुलगी देण्याचा प्रश्न

विट्याकडच्या एका गृहस्थांनी विचारलंय. बहिणीचा धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा. दोन वर्षांपासून चहाचा कप उचलला की हाताला झटका बसतो, चालताना तोल जातो, नजर अंधूक होत चाललीय. दाजींचा सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा कोइमतूरला. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्यावर लाल ठिपका दिसला, मग जनुकांची तपासणी झाली आणि रिपोर्ट आला: सायलिडोसिस, एनईयू१ जनुकाच्या दोन्ही प्रतींत एकच दोष. मामा बी.एस्सी. झालेले, त्यामुळे रात्र रात्र नेटवर वाचत बसले. तिथे त्यांना कळलं की या जनुकावरून बनणारं एन्झाइम पेशीतल्या लायसोझोम नावाच्या पिशवीत असतं, पेशी एकमेकींना चिकटण्याशी त्याचा संबंध असतो आणि कॅन्सर पसरण्याशीही. म्हणून ते विचारतात: भाच्याच्या पेशी सुट्या होत चालल्यात का? घरातल्या बाकीच्यांना कॅन्सरची भीती आहे का? आणि अगदी शेवटी, कंसात: थोरल्या भाच्याशी माझ्या मुलीचं जमवायचं चाललंय, त्यात काही अडचण?

मी सांगलीत अठ्ठावीस वर्षं पॅथॉलॉजीची लॅब चालवते. माझा अनुभव असा की माणूस खरा प्रश्न उठून चपला घालताना विचारतो. तुमचा खरा प्रश्न कंसात आहे. पण त्याच्याकडे थेट गेले तर आधीचे दोन तुमच्या डोक्यात घोळत राहतील, म्हणून क्रमानेच जाऊ. एक आधी सांगते: मी मेंदूविकारतज्ज्ञ नाही, जेनेटिक्सची सल्लागारही नाही. माझं काम काचपट्टीवरचं. औषधाबद्दल जे बोलेन ते तुमच्या डॉक्टरांच्या शब्दाखालचं समजा.

शाळेच्या पुस्तकात लायसोझोमला लयकारिका म्हणतात आणि ‘आत्मघाती पिशवी’ अशी ओळख करून देतात. मला ती ओळख कधी पटली नाही. बेल्जियमच्या ख्रिस्तियां द दूव यांनी १९५५ मध्ये ही पिशवी शोधली, १९७४ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. तेव्हापासून एवढं नक्की कळलंय की ती पेशीला मारण्यापेक्षा जगवण्याचं काम कितीतरी जास्त करते. आपल्याकडच्या शेणखताच्या खड्ड्यासारखं आहे ते. गोठ्यातलं, घरातलं, शेतातलं सगळं तिथे पडतं, कुजतं आणि पुन्हा शेतात जातं. खड्डा आंबट, पीएच साडेचार-पाचच्या आसपास, आणि आत पन्नास-साठ प्रकारची एन्झाइमं. प्रत्येकाचं काम ठरलेलं. एक जरी कामावर आलं नाही तर त्याच्या वाट्याचा माल तसाच पडून राहतो आणि खड्डा भरत जातो. या सगळ्या आजारांना मिळून साठवणुकीचे आजार म्हणतात. सायलिडोसिस त्यातलाच.

एनईयू१ या जनुकावरून जे एन्झाइम बनतं त्याचं नाव न्यूरामिनिडेज. ते काय कापतं, हे कळलं की चिकटपणाचं कोडं निम्मं सुटतं. पेशीच्या पडद्यावर प्रथिनं असतात आणि त्या प्रथिनांच्या अंगावर साखरेच्या साखळ्या फुटलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच साखळ्यांच्या अगदी शेंड्यावर सायलिक ॲसिड नावाचा रेणू बसलेला असतो. स्वीडनच्या गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ मध्ये गुरांच्या लाळग्रंथीतल्या बुळबुळीत द्रवातून तो वेगळा काढला, आणि त्याला नावही लाळेच्या ग्रीक शब्दावरून पडलं. तासगावकडच्या द्राक्षबागेत शेंडा खुडताना पाहिलंच असेल तुम्ही. न्यूरामिनिडेज तेवढंच करतं, साखळीचा शेंडा खुडतं. पण तो खुडल्याशिवाय पुढची साखर कापणाऱ्या एन्झाइमला साखळीला हातच लावता येत नाही. त्यामुळे हे एक कामावर नसलं की मागची सगळी रांग खोळंबते.

आता हा शेंडा पेशींच्या चिकटण्यात कुठे येतो? पुस्तकातलं न सांगता माझ्या टेबलावरचं सांगते. ईएसआर तुम्ही केव्हा ना केव्हा केलाच असेल. उभ्या नळीत रक्त भरायचं, तासाभराने लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. धडधाकट माणसाच्या लाल पेशी सावकाश बसतात, कारण प्रत्येकीच्या अंगावर सायलिक ॲसिडचा ऋण विद्युतभार असतो आणि दोघी जवळ आल्या की एकमेकींना ढकलतात. संसर्गात रक्तातलं फायब्रिनोजेन वाढतं, या ढकलण्याचा जोर कमी पडतो, पेशींच्या नाण्यांसारख्या चळती लागतात आणि त्या भराभर तळाला जातात. म्हणजे सांगलीतल्या प्रत्येक गल्लीतली लॅब दिवसभर नकळत सायलिक ॲसिडचाच खेळ मोजत असते.

दुसरं उदाहरण रक्तपेढीतलं, आणि हे मला फार आवडतं. न्यूमोनियाच्या काही जंतूंकडे स्वतःचं न्यूरामिनिडेज असतं. ते रुग्णाच्या रक्तात उतरलं की लाल पेशींचे शेंडे खुडले जातात, त्याखाली झाकलेला ‘टी’ नावाचा अँटिजेन, म्हणजे पेशीवरची ओळखीची खूण, उघडा पडतो आणि त्या पेशी बहुतेक कोणाही मोठ्या माणसाच्या सीरममध्ये गोळा व्हायला लागतात. रक्तगट जुळता जुळत नाही. हा प्रकार ओळखायला शेंगदाण्यातून काढलेलं एक प्रथिन वापरतात. ते उघड्या पडलेल्या ‘टी’ला बरोबर पकडतं. एमडी करताना हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आटपाडीच्या माळावरचा भुईमूगच आठवला होता.

आणि तिसरं सगळ्यांना आठवत असेल. २००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला आणि आपल्याकडेही घराघरांत टॅमीफ्लूचं नाव पोहोचलं. एच१एन१मधला ‘एन’ म्हणजे न्यूरामिनिडेजच, फक्त विषाणूचं. विषाणू आपल्या पेशीच्या सायलिक ॲसिडला धरून आत शिरतो. नवीन पिल्लं बाहेर पडताना त्याच सायलिक ॲसिडला अडकून बसतात. मग विषाणूचं न्यूरामिनिडेज ते कापून त्यांना मोकळं करतं. टॅमीफ्लू ही कात्री बोथट करतं, पिल्लं पेशीला चिकटूनच राहतात. कात्री चालली की सुटका, नाही चालली की अडकून पडणं.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, समजलं. शेंडा असला की पेशी दूर आणि खुडला की जवळ. तिथेच फसाल, कारण काही पेशी शेंड्यालाच धरतात. शरीरात कुठे जखम झाली की तिथल्या रक्तवाहिनीच्या आतल्या कडेला सिलेक्टिन नावाचे हात उगवतात. वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ते पकडतात ते त्यांच्या साखळीवरच्या सायलिक ॲसिडसकट. शेंडा नसेल तर पकड बसत नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये आम्ही सीए १९-९ तपासतो ना, तीही अशीच सायलिक ॲसिडवाली साखळी. ती पृष्ठभागावर जास्त असलेल्या कॅन्सरपेशींना रक्तवाहिनीच्या कडेला पकड मिळायला सोपं जातं. उलटीकडे, पेशीला खालच्या जमिनीशी बांधून ठेवणारी इंटिग्रिनं, हायल्युरोनिक ॲसिडला धरणारं सीडी४४ किंवा रक्तवाहिनीच्या कडेवरचं आयकॅम-१, यांच्यावरचा शेंडा काढला की बऱ्याच वेळा त्यांची पकड घट्ट होते.

म्हणून मी सायलिक ॲसिडला डिंक म्हणत नाही आणि तेलही म्हणत नाही. कोण कोणाला कुठे धरतंय, यावर सगळं अवलंबून आहे. नेटवर तुम्हाला एका लेखात ‘चिकटणं वाढतं’ आणि दुसऱ्यात ‘कमी होतं’ असं दिसलं असेल, तर दोन्ही लेख बरोबर असू शकतात.

बरं, पण लायसोझोमच्या आत बसलेलं एन्झाइम पेशीच्या बाहेरच्या साखळीपर्यंत पोहोचतंच कसं? रास्त शंका आहे. एक तर हे एन्झाइम थोड्या प्रमाणात पेशीच्या पृष्ठभागावरही असतं. त्वचेला आणि धमन्यांना लवचिकपणा देणारं इलास्टिन ज्या त्रिकुटाच्या मदतीने बांधलं जातं, त्यात ते आहे. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी वाट. लायसोझोमच्या स्वतःच्या भिंतीवर लॅम्प-१ नावाचं प्रथिन असतं, साखळ्यांनी लदबदलेलं. त्याचे शेंडे वेळच्या वेळी खुडणं हेही याच न्यूरामिनिडेजचं काम. ते नसलं की लॅम्प-१ जास्त काळ टिकून राहतं, लायसोझोम पेशीच्या कडेला जाऊन टेकतात आणि आतला माल बाहेर ओततात. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात आलेसांद्रा डाझो यांच्या गटाने २००८ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. खताचा खड्डा अंगणात उपसून टाकावा तसं. बाहेर आलेली एन्झाइमं पेशींच्या भोवतालची जाळी, म्हणजे ज्या जमिनीला पेशी धरून उभ्या असतात ती जमीनच, खायला लागतात. तुम्ही वाचलेला लायसोझोमचा आणि चिकटण्याचा संबंध मुख्यतः हा आहे.

आता भाच्याकडे येते. पेशी सुट्या होत चालल्यात का? नाही, त्याच्या झटक्यांचं कारण ते नव्हे. सायलिडोसिसचे दोन चेहरे असतात. दुसऱ्या प्रकारात एन्झाइम जवळजवळ शून्य असतं. लहानपणीच चेहरा जाडसर होतो, यकृत आणि प्लीहा वाढतात, हाडं वेडीवाकडी होतात, बुद्धीवर परिणाम होतो. काही वेळा तर बाळ पोटात असतानाच अंगाला सूज येते. पहिल्या प्रकारात थोडं एन्झाइम शिल्लक असतं, म्हणून पोरगं शाळा-कॉलेजपर्यंत अगदी चांगलं असतं आणि मग नजर, तोल आणि झटके सुरू होतात. तुमच्या वर्णनावरून भाचा पहिल्या प्रकारातला दिसतो. अशा मुलांची बुद्धी बहुधा शाबूत असते. हे मुद्दाम लिहितेय, कारण झटके येतात म्हणून घरचे मुलाशी लहान बाळाशी बोलल्यासारखं बोलायला लागतात. तो सगळं समजून घेतोय, हे लक्षात ठेवा.

त्याचा त्रास मुख्यतः साठवणुकीचा आहे. न कापलेला माल चेतापेशींत साठतो. डोळ्याच्या पडद्यावर तर तो नुसता दिसतो. पडद्यातल्या गँग्लियन पेशी फुगून पांढुरक्या होतात. नजरेच्या अगदी मधोमध त्या पेशी नसतातच, म्हणून तिथून मागचा लाल थर आरपार दिसतो. पांढऱ्या वर्तुळात लाल चेरी. ठिपक्याच्या जागी काही बिघडलंय असं नाही. बिघडलंय ते त्याच्या भोवती, ठिपका मात्र आहे तसा राहिलाय.

चिकटपणाची भानगड, लायसोझोम उपसून बाहेर ओतण्याची, मुख्यतः एन्झाइम पूर्ण नसलेल्या उंदरांत दिसलेली आहे. थोडं एन्झाइम शिल्लक असलेल्या माणसात ती कितपत चालते हे एन्झाइम किती शिल्लक आहे यावर ठरतं. रिपोर्टवरून तेवढं सांगता येत नाही. आणि एन्झाइम मोजायचं म्हटलं तर त्यातही अडचण. हे न्यूरामिनिडेज फार नाजूक आहे, गोठवून वितळवलं तरी मरतं. म्हणून ते पाठवलेल्या रक्तावर न मोजता त्वचेच्या तुकड्यातून वाढवलेल्या ताज्या पेशींवर मोजणं बरं. मुलाचं निदान जनुकावरून पक्कं झालंय, लक्षणंही जुळतात, तर केवळ आकडा हवा म्हणून त्याच्या त्वचेचा तुकडा काढायला मी तरी सांगणार नाही.

इथे माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्या तिसऱ्या प्रश्नापर्यंत जाते. बऱ्याच वर्षांपूर्वी जत तालुक्यातून एका सव्वा वर्षाच्या मुलाचं रक्त एसटीने आलं. जांभळ्या झाकणाची, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची बाटली, सकाळी घेतलेलं रक्त, माझ्या हातात पडलं दुपारी चारला. उन्हाळा. स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेलं रक्त, पाहिला तर लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींत टाचणीने भोकं पाडल्यासारखे बारीक पोकळ ठिपके. मी मनात म्हटलं, रक्त शिळं झालंय, ईडीटीएत असं होतंच, आणि बाकीचं सगळं ठीक लिहून रिपोर्ट पाठवून दिला. वर्षभराने तेच मूल मिरजेत दाखवायला आणलं होतं, पोट वाढलं म्हणून. कोणीतरी माझ्याकडे पाठवलं. या वेळी मी बोटाला टोचून थेट काचपट्टीवर थेंब घेतला. तेच ठिपके, तसेच. शिळेपणाने फुगतात त्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल. ताज्या रक्तातल्या लिंफोसाइटमध्ये असे कोरीव ठिपके दिसले की साठवणुकीच्या आजाराचा विचार करायचाच, हे मला पाठ होतं. दुपारी चारला ते आठवलं नाही, एवढंच.

त्या मुलाला निघाला गॅलॅक्टोसायलिडोसिस. हा तुमच्या आजाराचा चुलतभाऊ. त्यात न्यूरामिनिडेज स्वतः चांगलं असतं, पण त्याच्यासोबत राहून त्याला सांभाळणारं कॅथेप्सिन-ए नावाचं प्रथिन बिघडलेलं असतं. सांभाळणारा गेला की न्यूरामिनिडेज टिकत नाही आणि बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे दुसरं एन्झाइमही खाली येतं. दोन एन्झाइमं एकदम कमी दिसली की तिसऱ्यावर संशय घ्यायचा. निदान झालं तोवर आईला सातवा महिना लागला होता. पोटातल्या बाळाची तपासणी करून निर्णय घेण्याची वेळ निघून गेली होती. बाळ चांगलं जन्मलं, पण ते त्यांचं नशीब होतं, माझं त्यात काही नाही. त्यानंतर माझ्या लॅबमध्ये लहान मुलाचा स्मिअर शक्य तिथे थेट बोटातूनच घेतला जातो. बाहेरून आलेल्या बाटलीवर घेतल्याची वेळ लिहिलेली नसेल तर लॅबमधली मुलं मला फोन करतात आणि मी चिडते.

कॅन्सरचं लवकर संपवते. जपानमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपेशींत हे न्यूरामिनिडेज वाढवलं की उंदरांत त्या यकृतात कमी पसरतात, कारण इंटिग्रिन बीटा-४वरचे शेंडे खुडले जातात. दुसऱ्या एका प्रयोगात हे एन्झाइम कमी असलेल्या सार्कोमाच्या, म्हणजे हाडं-स्नायूंसारख्या भागांतल्या कॅन्सरच्या, पेशी जास्त आक्रमक दिसल्या. त्यात वाहक, म्हणजे जनुकाच्या एकाच प्रतीत दोष असलेले, उंदीरही होते, आणि बहुधा हेच वाचून तुम्ही घाबरलात. पण त्या उंदरांतून कॅन्सर रोखणारं आर्फ नावाचं दुसरं जनुक आधीच काढून टाकलेलं होतं. काही इतर गाठींत तर न्यूरामिनिडेज उलट वाढलेलं सापडतं. म्हणजे झालेल्या कॅन्सरने हातपाय कसे पसरावे यात हे एन्झाइम भाग घेतं. ज्याच्या एका प्रतीत दोष आहे त्याला त्यामुळे कॅन्सर होतो, असा अर्थ त्यातून निघत नाही. तुमच्या बहिणीत आणि दाजींत एन्झाइम साधारण निम्मं असेल आणि निम्म्यावर पेशीचं छान भागतं. वाहक आहे म्हणून कॅन्सरच्या वेगळ्या तपासण्या करायला सांगण्याची पद्धत नाही. कोणी पॅकेज गळ्यात मारत असेल तर पैसे ठेवून द्या, पुढे लागणार आहेत.

आता मुलीचं.

तुमचे वडील आणि दाजींची आई सख्खी भावंडं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे दाजींनी मामाची मुलगी केली. आपल्याकडची रीतच आहे, त्यात कोणाला दोष द्यायचं कारण नाही. त्या भावंडांच्या आईकडे किंवा वडिलांकडे हा दोष एका प्रतीत होता. तो दोन्ही बाजूंनी उतरत आला आणि धाकट्या भाच्यात एकत्र आला. रिपोर्टमध्ये दोन्ही प्रतींत एकच दोष दिसतो, तो त्यामुळे. आता थोरल्या भाच्याला तुमची मुलगी म्हणजे पुन्हा मामाचीच मुलगी.

ढोबळ हिशोब असा. तुमची बहीण नक्की वाहक. तुम्ही तिचे भाऊ, म्हणून तुम्ही वाहक असण्याची शक्यता दोनात एक. तुमच्या मुलीची मग चारात एक. थोरला भाचा तेवीस वर्षांचा आणि ठणठणीत आहे, म्हणजे त्याला आजार नाही असं धरलं, तर तो वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. दोघेही वाहक असण्याची शक्यता सहात एक, आणि दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची चारात एक. सगळं गुणून चोवीसात एक. बाहेर लग्न केलं तर या आजाराची भीती जवळजवळ शून्य, एवढा हा आजार दुर्मीळ आहे. चोवीसात एक हा आकडा मला लहान वाटत नाही.

पण हा आकडा नशिबावर सोडून द्यायची गरजच नाही. भाच्याच्या रिपोर्टमध्ये नेमका दोष लिहिलेला आहे. दोघांच्या रक्तात फक्त तेवढीच जागा तपासायची. याला सँगर पद्धतीची एका दोषाची तपासणी म्हणतात आणि ती भाच्याच्या पूर्ण तपासणीपेक्षा बरीच स्वस्त पडते. दोघांपैकी एकजरी वाहक नसला तर या आजारापुरता प्रश्न मिटला. दोघेही वाहक निघाले तर मात्र मी तरी हे लग्न करू नका म्हणेन. आपल्याकडे रीत आहे म्हणून कायद्याने करता येतं, गर्भाची तपासणीही होते. अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान वारेचा अंश घेऊन किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलातून, नोंदणी झालेल्या केंद्रात. तरी दर गरोदरपणी तो काळ काढणं काय असतं हे मी त्या जतच्या आईकडे पाहिलंय, आणि तिला तर तपासणीही मिळाली नव्हती. तुमच्यापुढे ते टाळायची सोय आहे.

दोन अटी मात्र आहेत. रिपोर्टमध्ये त्या दोषापुढे ‘पॅथोजेनिक’ किंवा ‘लाइकली पॅथोजेनिक’ लिहिलेलं असलं तरच वरचं सगळं लागू. ‘व्हीयूएस’ म्हणजे ‘अर्थ अनिश्चित’ असं लिहिलं असेल तर आधी आई-वडिलांची तपासणी करून दोष दोघांकडून आलाय का हे पक्कं करावं लागतं. आणि ही तपासणी या एकाच आजारासाठी आहे. सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न, तेही दोन पिढ्या ओळीने, म्हटल्यावर दुसरे लपलेले दोष जुळण्याची शक्यता राहतेच. त्याचं उत्तर या बाटलीत नाही.

थोरल्या भाच्याची तपासणी त्याच्या स्वतःसाठीही हवी. पहिल्या प्रकाराची लक्षणं कधी कधी पंचविशीपर्यंतही दिसत नाहीत. एकदा डोळ्याचा पडदा दाखवून घ्या. पण त्याला आधी नीट सांगा की आपण काय शोधतोय. त्याला न सांगता, लग्नाच्या बोलणीसाठी म्हणून गुपचूप रक्त घेऊन जाऊ नका. जनुकाच्या तपासणीला सही त्याची लागते, मामाची चालत नाही. मुलीचंही तसंच.

धाकट्यासाठी आज घडीला या आजाराचं एन्झाइमचं इंजेक्शन बाजारात नाही. गॉशेसारख्या काही साठवणुकीच्या आजारांत ते आहे, यात नाही. २०२१च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात उपचारासाठी पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पण जिथे औषधच नाही तिथे त्या रकमेचा उपयोग मर्यादित. तरी मुंबईचं केईएम हे त्या धोरणातल्या केंद्रांपैकी एक आहे, तिथे एकदा दाखवून नाव नोंदवून ठेवा. जनुकोपचारावर उंदरांत काम चाललंय आणि पुढे माणसांवर चाचणी निघाली तर नोंद असलेल्यांपर्यंत निरोप आधी पोहोचतो. झटक्यांवर व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटम, क्लोनाझेपाम अशी औषधं चालतात. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनने या प्रकारचे झटके वाढू शकतात. म्हणून गावातल्या कोणी फिट येते म्हणून ती लिहून दिली असतील तर स्वतःच्या मनाने बंद न करता न्यूरॉलॉजिस्टना चिठ्ठी दाखवा. कप भरून देऊ नका, अर्धा द्या, जड बुडाचा. स्टीलच्या पेल्यापेक्षा कान असलेला मग बरा.

आणि रक्त पाठवण्याचं. रिपोर्टच्या ज्या पानावर ‘सी’ आणि टिंबाने सुरू होणारा कोड आहे, त्या पानाची स्वच्छ झेरॉक्स सोबत लागते. नुसतं ‘एनईयू१ तपासा’ असं लिहून पाठवलं तर लॅब पूर्ण जनुक तपासेल आणि बिल तसंच येईल. दोघांचं दोन-दोन मिली रक्त, जांभळ्या झाकणाच्या बाटलीत, उलटसुलट हलवून. डीएनएला दोन दिवस काही होत नाही, तो साध्या फ्रीजमध्येही टिकतो. हे रक्त विट्याहून एसटीने आलं तरी चालेल. फक्त बाटलीवर नाव आणि घेतल्याची वेळ पेनने लिहा.